कोरडवाहू मुलखातलं बाजारगाव मोजायचं कसं?

लहान गावातली बँकेची शाखा बंद करायची ठरते तेव्हा दिलं जाणारं कारण बहुधा एकच असतं: गावात आता माणसं राहिलीत कुठे? रुग्णालयातला प्रसूती विभाग, शाळेचे वरचे वर्ग, रेल्वेचा मालधक्का, पोस्ट, सगळ्यांना एकेक करून हाच न्याय लावला जातो. जनगणनेचा आकडा काढायचा, मागच्या आकड्याशी ताडून पाहायचा, खर्चाला त्याने भागायचं आणि कुलूप लावायचं. हा हिशेब करणारी माणसं दुष्ट नसतात, पण त्यांच्या हातातलं माप चुकीचं असतं. उष्ण, कमी पावसाच्या शेतीप्रदेशात जे गाव भोवतालच्या शेतीला सेवा पुरवण्यासाठीच वसलं, त्याची किंमत गावठाणात किती डोकी राहतात यावरून ठरवता येत नाही. या मापापायी टिकू शकली असती अशी गावंही हकनाक मरतात, हे मला फार लागतं.

ऑस्ट्रेलिया-अमेरिकेसारख्या देशांतल्या अशा गावात रोज काय चालतं ते पाहा. सुगीच्या ऐन भरात हार्वेस्टरचं बेअरिंग गेलं म्हणून शेतकरी वर्कशॉपमध्ये येतो. आलाच आहे तर मेंढ्यांचं औषध घेतो, बँकेत डोकावतो, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या नेतो, डिझेल भरतो. तो गावात राहत नाही. त्याचं घर तीस-चाळीस किलोमीटरवर, शेतातच असतं. त्याची मुलं बसने इथल्या शाळेत येतात, त्याचं धान्य इथल्या सायलोत, म्हणजे उंच कोठारात, पडतं, आणि उन्हाळ्यात त्याच्या शिवारात वणवा पेटला तर इथल्याच स्वयंसेवकांचा बंब धावत जातो. तरी गावाच्या लोकसंख्येत तो कुठेच नसतो. गाव ज्यांच्यासाठी उभं आहे तेच मोजणीतून गळतात.

१९३३ मध्ये जर्मन भूगोलतज्ज्ञ वॉल्टर ख्रिस्टॅलर यांनी दक्षिण जर्मनीतल्या गावांचा अभ्यास करून बाजारगावांची जी मांडणी केली, ती आजही उपयोगी पडते. (पुढे नाझी राजवटीसाठी, जिंकलेल्या पोलंडमध्ये वसाहती आखण्याच्या कामात ते सहभागी झाले. माणसांकडे नुसते नकाशावरचे ठिपके म्हणून पाहिलं की काय होतं, हे ही मांडणी वापरणाऱ्याने विसरू नये.) त्यांच्या मांडणीत दोन मापं आहेत. एखादी सेवा तगायला किमान किती गिऱ्हाईक लागतं, हे पहिलं. ती सेवा घ्यायला माणूस जास्तीत जास्त किती लांब जाईल, हे दुसरं. पहिल्या मापाचं वर्तुळ दुसऱ्याच्या आत मावलं तर दुकान चालतं, दवाखाना चालतो. मावलं नाही तर बंद पडतो.

आता हीच दोन वर्तुळं कोरड्या मुलखात काढून पाहा. पाऊस कमी म्हणून हेक्टरी उत्पन्न कमी. उत्पन्न कमी म्हणून एका कुटुंबाला जगायला शेत मोठं लागतं. शेतं मोठी म्हणून घरं विरळ. तेवढंच गिऱ्हाईक गोळा करायला पहिलं वर्तुळ कितीतरी रुंद करावं लागतं. दुसरं वर्तुळ मात्र पाऊस कमी झाला म्हणून वाढत नाही. कळा सुरू झालेल्या बाईला किंवा सापाने चावलेल्या माणसाला किती तास गाडीत बसवता येईल, याला शरीराचीच मर्यादा आहे. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ती आणखी आखडते. म्हणजे कोरड्या मुलखातली सेवा जन्मतःच काठावर उभी असते. दाट वस्तीच्या, भरपूर पावसाच्या प्रदेशात एक दवाखाना बंद झाला तर रुग्ण पुढच्या गावात जातात, पुढचं गाव जवळ असतं. इथे पुढचं गावच नसतं. बाजाराच्या नियमावर सोडून दिलं तर ही सेवा आज ना उद्या जाणारच, मग चालवणारा कितीही कर्तबगार असो. म्हणून तोट्यातली शाखा हा गावाच्या नालायकीचा पुरावा धरणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरी गोष्ट सरासरीची. कोरड्या प्रदेशात सरासरी पाऊस हा फसवा आकडा असतो, कारण सरासरीइतका पाऊस फारच थोड्या वर्षी पडतो. एक भरघोस वर्ष, दोन बरी, तीन करपलेली, असं चक्र चालतं आणि गावाचं उत्पन्न त्याच्यासोबत हेलकावे खातं. वाईट वर्षी दुकानदार उधारी लांबवतो, ट्रॅक्टरवाला हप्ता पुढे ढकलतो, गावच्या जिवावर शेत तगतं. पण बंद करण्याचे निर्णय होतात ते नेमके वाईट वर्षांतच, कारण तेव्हाच ताळेबंद लाल होतो. मग पाऊस परततो, पिकं डोलतात, आणि गेलेला डॉक्टर परत येत नाही. शिक्षकाची जागा रद्द झाली की पुष्कळदा रुग्णालयातली परिचारिकाही जाते, कारण ती त्याची बायको असते. तिच्यामागे प्रसूती विभाग जातो. प्रसूतीची सोय नाही म्हणून तरुण जोडपी येत नाहीत आणि शाळेचे उरलेले वर्गही ओस पडतात. हे सगळं घडायला दोन-तीन वर्षं पुरतात. उलट्या दिशेने यायला एक पिढीही पुरत नाही. दुष्काळ संपतो, बंद झालेली सेवा मात्र बंदच राहते. या विषमतेची नोंद कुठल्याही खर्च-लाभाच्या तक्त्यात मला दिसलेली नाही.

माझ्याविरुद्धचा सर्वांत जोरदार युक्तिवाद इथेच मांडायला हवा: अशी काही गावं मुळात वसायलाच नको होती. हे खरं आहे, आणि याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण दक्षिण ऑस्ट्रेलियात सापडतं. १८६४-६५ च्या भीषण दुष्काळानंतर तिथल्या सरकारने सर्व्हेयर जनरल, म्हणजे जमीनमोजणीचे प्रमुख, जॉर्ज गॉयडर यांना दुष्काळ कुठवर पोहोचला ते पाहायला पाठवलं. घोड्यावरून लांबवर फिरून, झाडोरा पाहून त्यांनी १८६५ मध्ये एक रेषा आखली. रेषेच्या दक्षिणेला पाऊस भरवशाचा, तिथे गहू पेरावा. उत्तरेला भरवसा नाही, तिथे फक्त गुरं-मेंढ्या चाराव्यात. ही रेषा साधारण १० ते १२ इंच वार्षिक पावसाच्या हद्दीवरून जाते. पुढे काही वर्षं पाऊस उत्तम झाला. जमिनीच्या मागणीपुढे सरकार वाकलं आणि १८७४ मध्ये रेषेचं बंधन उठवलं. नांगर फिरला की मागोमाग पाऊस येतो, असा समज तेव्हा अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात शहाण्यासुरत्या माणसांनीही बाळगला होता. रेषेपलीकडे मोजणीदारांनी गावांमागून गावं आखली, हॅमंड, फरीना अशी कितीतरी, सरळ रस्त्यांची, भूखंड पाडलेली. १८८० पासून ओळीने दुष्काळाची वर्षं आली आणि गव्हाची स्वप्नं करपली. फरीनात आज पडक्या दगडी भिंती उरल्या आहेत. गॉयडर यांनी तर सांगून ठेवलंच होतं.

अमेरिकेतही हेच झालं. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ मध्ये सरकारला बजावलं होतं की पश्चिमेकडच्या कोरड्या जमिनीला पूर्वेकडची वहिवाट लागू पडणार नाही. तरी गवताळ मैदानं नांगरली गेली, आणि १९३० च्या दशकात धुळीची वादळं उठली. १४ एप्रिल १९३५ च्या वादळाने भरदिवसा काळोख केला. १९८७ मध्ये फ्रँक आणि डेबोरा पॉपर या अभ्यासक दांपत्याने तर असं सुचवलं की या मैदानांचे ओसाड होत चाललेले भाग पुन्हा गवताला आणि गव्यांना देऊन टाकावेत. तिथल्या लोकांना ते जिव्हारी लागलं. मला त्या सूचनेत उद्धटपणा दिसतो, पण तिला वेडेपणा म्हणता येणार नाही. जमीन जे पेलत नाही ते सरकारी पैशाने कायमचं पेलून धरता येत नाही, हे मान्यच करायला हवं.

पण या उदाहरणांचा नेमका धडा कोणता? फरीनासारखी गावं ज्या गव्हाच्या भरवशावर आखली, ती शेतीच तिथे तगली नाही. जिथे शेती आजही चालू आहे, दरवर्षी सायलो भरतात, मेंढ्यांची लोकर निघते, तिथल्या गावाला फरीनाच्या रांगेत बसवणं म्हणजे रोग न पाहता औषध बंद करणं. म्हणून पहिला प्रश्न असा हवा की या गावाच्या पंचक्रोशीत शेती टिकणार आहे का? नसेल, तर सन्मानाने, वेळ देऊन, भरपाई देऊन आवरतं घ्यावं. असेल, तर ती शेती करणाऱ्या माणसांना डॉक्टर, शाळा, बँक आणि मेकॅनिक लागणारच, मग गावठाणात दोनशे माणसं राहोत की दोन हजार. हवामान बदलाने गॉयडरची रेषा दक्षिणेकडे सरकण्याची भीती तिथले अभ्यासक व्यक्त करत आहेत. तेव्हा हा पहिला प्रश्न दर काही वर्षांनी नव्याने विचारावा लागेल, आणि काही गावांसाठी उत्तर बदलेल. ते उत्तर माती आणि पाऊस पाहून दिलेलं असावं, शाखेचा तिमाही ताळेबंद पाहून नव्हे.

पाऊस हे मात्र अर्धंच उत्तर. तेवढ्याच पावसात, तेवढ्याच पिकात एक गाव फुलतं आणि दुसरं खुरटतं, असंही होतं. १९४० च्या दशकात वॉल्टर गोल्डश्मिट या मानववंशशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यात दोन गावांचा अभ्यास केला. उष्ण, कोरडं, सिंचनावर पिकणारं खोरं. दोन्ही गावांच्या परिसरातल्या शेतीमालाची एकूण किंमत जवळपास सारखी. फरक एवढाच की डायनूबाभोवती कुटुंबांची मध्यम आकाराची शेतं होती आणि आर्विनभोवती मोठमोठ्या मालकांची. डायनूबात दुकानं-व्यवसाय जवळपास दुप्पट होते, शाळा जास्त, बागा जास्त, रस्ते चांगले, संस्था-मंडळं जास्त, आणि गावाचा कारभार गावकऱ्यांच्या हाती. आर्विनमध्ये बहुसंख्य लोक मजूर होते. नफा गावात न थांबता मालकाच्या शहरात जात होता.

या अभ्यासावर पुढे टीका झाली. आर्विन हे नव्याने वसलेलं गाव होतं, तेव्हा तुलना अगदी समतोल नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. तरी मूळ मुद्दा मला पटतो, कारण तो रोजच्या व्यवहारातून कळतो. दहा कुटुंबांची शेतं एकाने विकत घेतली तर पीक तेवढंच निघेल, कदाचित जास्तच निघेल. पण दहा घरांचा किराणा, दहा घरांची मुलं, दहा घरांतून येणारे स्वयंसेवक, पंच, गोलंदाज, ग्रामसभेत भांडणारे आवाज यांच्या जागी एक घर येतं. तेही बी-खत थेट कंपनीकडून घाऊक मागवतं. शेतीखातं उत्पादन वाढलं म्हणून पाठ थोपटून घेतं आणि त्याच वर्षी आरोग्यखातं रुग्ण घटले म्हणून दवाखाना गुंडाळतं. दोन्ही खाती एकाच सरकारची आहेत, पण त्यांचे कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत. शेतं मोठी होऊ द्यायची असं धोरण असेल, तर त्याची किंमत गाव भरतं आहे, आणि ती किंमत धोरणाच्या हिशेबात मांडलीच पाहिजे.

डोकी मोजण्याऐवजी अंतर मोजणं ही काही स्वप्नातली गोष्ट नाही. १९९७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ग्रामीण रुग्णालयांसाठी एक वेगळा वर्ग केला. जास्तीत जास्त २५ खाटा, आणि सर्वसाधारण नियम असा की दुसरं रुग्णालय ३५ मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरपेक्षा लांब असावं. अशा रुग्णालयाला सरकारी ज्येष्ठ नागरिक विम्यातून मिळणारे पैसे किती रुग्ण तपासले यावर न ठरता प्रत्यक्ष वाजवी खर्चावर ठरतात, कायद्याने त्या खर्चाच्या १०१ टक्के. यात पळवाटा शिरल्या, अंतराच्या अटीतून पुष्कळांना सूट मिळाली, तरीही रुग्णालयं बंद पडत आहेतच. पण तत्त्व योग्य आहे: इथे दुसरं काही नाही, म्हणून हे हवं. ऑस्ट्रेलियातही १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून रस्त्याने सेवाकेंद्र किती लांब आहे यावरून प्रत्येक वस्तीचा दुर्गमता निर्देशांक काढतात. हिशेब करण्याची साधनं हाताशी आहेत. ती वापरायची की नाहीत, हा इच्छेचा प्रश्न आहे.

पैसा नेहमी सरकारनेच ओतावा असंही माझं म्हणणं नाही. ऑस्ट्रेलियाच्या विमेरा भागात, धान्याच्या कोरड्या पट्ट्यात, रुपन्यप आणि मिनयिप ही चिमुकली गावं आहेत. १९९० च्या दशकात मोठ्या बँका लहान गावांतून निघून जात होत्या. १९९८ मध्ये या गावांनी बेंडिगो बँकेशी करार करून स्थानिकांच्या भांडवलावर चालणारी पहिली सामुदायिक शाखा सुरू केली. बँकेचा परवाना आणि यंत्रणा बेंडिगोची, शाखा चालवणारी कंपनी गावकऱ्यांची, उत्पन्नात दोघांची वाटणी, आणि नफ्यातला मोठा भाग मैदान, दवाखाना, शाळा अशा गावच्याच कामांना. पुढे ही पद्धत देशभर पसरली. मोठ्या बँकांना जिथे धंदा दिसला नव्हता, तिथल्याच लोकांनी तो करून दाखवला. वरच्या मांडणीच्या भाषेत सांगायचं तर, नफ्याची अपेक्षा बेताची ठेवली आणि पैसा गावातच फिरला की किमान गिऱ्हाइकाचं वर्तुळ लहान होतं.

माणसं आणण्याचंही तसंच. त्याच पट्ट्यातल्या निल या गावात बदकांच्या मांसाचा कारखाना आहे. कामगार मिळेनात, तेव्हा २०१० पासून म्यानमारमधून परागंदा झालेल्या कारेन निर्वासितांना तिथे वसवण्यात आलं. घरं शोधून देण्यापासून भाषा शिकवण्यापर्यंत गावाने कष्ट घेतले. २०१५ च्या एका अहवालाने हिशेब केला की त्यातून भागात सुमारे ७० पूर्णवेळ नोकऱ्यांची भर पडली. या आकड्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे की शाळा, दवाखाना आणि रिकामी घरं तोवर शाबूत होती, म्हणूनच त्या कुटुंबांना येता आलं. आधी सगळं बंद केलं असतं तर कारखाना असूनही कुणी आलं नसतं.

आणि पाणी. विमेरा-मॅली भागात शेतांना आणि गावांना प्यायचं पाणी शंभराहून अधिक वर्षं उघड्या मातीच्या चाऱ्यांतून येत असे. सुमारे १७,५०० किलोमीटरच्या त्या जाळ्यातलं बहुतेक पाणी वाटेतच उडून आणि मुरून जाई. २०१० पर्यंत त्यांच्या जागी जवळपास ९,००० किलोमीटरची बंद नळवाहिनी आली. गावागावाची डोकी मोजून हे काम मंजूर झालं नसतं. अख्खा प्रदेश एक धरला, म्हणून ते झालं.

इंटरनेटने आता अंतर संपवलं आहे, असं मला वारंवार ऐकवलं जातं. पैसे भरायला, दाखला काढायला, साधा सल्ला घ्यायला ते संपलं हे मान्य, आणि त्या कामांसाठी कार्यालयं राखण्याचा हट्ट कुणी धरू नये. पण फोनवरून हाड बसवता येत नाही, वेल्डिंग होत नाही, वणवा विझत नाही. लांबून दिलेल्या सेवेलाही पाय ठेवायला गाव लागतं. ऑस्ट्रेलियाची विमानातून डॉक्टर पाठवणारी सेवा १९२८ मध्ये क्लॉनकरी या आडगावातून सुरू झाली, रेडिओवरची शाळा १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून. धावपट्टी, इंधन, परिचारिका, शिक्षक असलेलं ठिकाण नसतं तर दोन्ही कल्पना कागदावरच राहिल्या असत्या.

तेव्हा माझी मागणी नेमकी आहे. कोणतीही सेवा बंद करण्याआधी तीन गोष्टी जाहीर व्हाव्यात: ती सेवा प्रत्यक्षात वापरणारे लोक किती आणि कुठून येतात, ती गेल्यावर पुढची सेवा रस्त्याने किती वेळावर आहे, आणि हिशेब किमान दहा वर्षांचा आहे की फक्त दुष्काळाच्या वर्षांचा. ठरावीक वेळेपेक्षा पुढची सेवा लांब असेल तर बंद करण्याची परवानगी नसावी. त्यासाठी लागणारा पैसा, त्या मुलखातलं धान्य, लोकर आणि मांस खाऊन-वापरून शहरात राहणाऱ्यांनीही करातून द्यावा. शाळा, दवाखाना, बँक यांचे निर्णय वेगवेगळ्या खात्यांत सुटे सुटे न होता एकत्र व्हावेत.

ऑस्ट्रेलियाच्या सिनेट समितीने २०२४ मध्ये ग्रामीण भागातल्या बँकशाखांच्या प्रश्नावर अहवाल दिला. २०२५ मध्ये चार मोठ्या बँकांनी प्रादेशिक शाखा ३१ जुलै २०२७ पर्यंत बंद न करण्याचं सरकारला कबूल केलं. ही सवलत आहे, कायदा नव्हे, आणि तिला तारीख आहे. त्या तारखेच्या आत अंतराचा नियम कायद्यात बसला नाही, तर दुसऱ्या दिवशीपासून तोच जुना भागाकार पुन्हा सुरू होईल.